पगार आहे, पण नोकरी नाही!

१०९८ हा आकडा तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल. रेल्वे स्टेशनवर, शाळेच्या भिंतीवर, नाहीतर पोलीस चौकीबाहेरच्या पाटीवर. अडचणीत सापडलेल्या कोणत्याही मुलाने हा नंबर फिरवायचा. पैसे पडत नाहीत. मारहाण होत असेल, कोणी कामाला जुंपले असेल, घर सोडून भलत्याच गावी आला असाल, तर मदतीला माणूस येतो.

पण हा नंबर १०९८ च का? सलग वाचू नका, तोडून वाचा. दहा, नऊ, आठ! मुंबईच्या स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांना हिंदीत 'दस-नौ-आठ' असे लक्षात ठेवायला सोपे गेले. हा नंबर त्यांनीच सुचवला. जेरू बिलिमोरिया या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवत. स्टेशनवरच्या मुलांशी त्यांची ओळख झाली, तसे रात्री-अपरात्री त्यांच्या घरचा फोन वाजू लागला. कोणी आजारी, कोणाला मार बसलेला. एका बाईंनी किती फोन घ्यायचे? त्यातून १९९६ साली मुंबईत 'चाइल्डलाइन' सुरू झाली. पुढे ती देशभर गेली. २०२३ पासून हे काम सरकारी यंत्रणेकडे आले आहे, नंबर मात्र तोच आहे. (पाठ करून ठेवा. आई-बाबांनीही!)

आता तुम्ही म्हणाल, कल्पना छान, पण असे काम करणाऱ्या माणसाचे पोट कसे भरते? हाच तर खरा प्रश्न आहे. समजा तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला मोठेपणी सुचले की, पाड्यावरच्या लोकांसाठी अमुक एक नवी गोष्ट करायची. नोकरी सांभाळून ते होत नाही. नोकरी सोडली तर घरभाडे कोण भरणार? घरचे म्हणणार, "आधी पोटापाण्याचे बघ, समाजसेवा मग." आणि त्यांचे तरी काय चुकले? अशा किती कल्पना घरच्या घरीच विरून जात असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

यावर एक तोडगा निघाला. त्याचे नाव फेलोशिप. शाळेतली शिष्यवृत्ती तुम्हाला माहीत आहे. ही मोठ्या माणसांची शिष्यवृत्ती म्हणा ना! घर चालेल एवढे पैसे काही वर्षे, साधारण तीन वर्षे, मिळतात. परीक्षा नाही, साहेब नाही, सही करायचे मस्टर नाही. अट एकच, की पूर्ण वेळ आपल्या कल्पनेमागे लागायचे. अशा माणसांना 'सामाजिक उद्योजक' म्हणतात. दुकानदार नफ्यासाठी धडपडतो, तितक्याच चिकाटीने हे लोक इतरांचा प्रश्न सोडवायला धडपडतात.

असे काम करणाऱ्या संस्थांमध्ये जुनी आणि मोठी संस्था अमेरिकेतली, पण तिचे नाव आहे चक्क 'अशोका'! हो, आपला सम्राट अशोकच. त्यामागे एक मोठी गंमत आहे. १९६३ साली हार्वर्डमध्ये शिकणारा बिल ड्रेटन नावाचा वीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर जर्मनीहून मोटारीने निघाला, तो थेट भारतात येऊन पोचला. इथे त्याला भेटले विनोबा भावे. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा! १९५१ पासून ते गावोगाव पायी हिंडत होते आणि ज्यांच्याकडे जास्त जमीन आहे त्यांच्याकडून भूमिहीनांसाठी जमीन मागत होते. पहाटे अंधारातच चालायला सुरुवात. हा गोरा मुलगाही त्यांच्याबरोबर चालला. हातात सत्ता नाही, खिशात पैसा नाही आणि तरी लोक या माणसाला जमीन कशी देतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

पुढे ड्रेटन मोठ्या हुद्द्यावर गेले, पण हे काही डोक्यातून जाईना. १९८० साली त्यांनी 'अशोका' सुरू केली. पहिल्या वर्षी खर्चायला होते पन्नास हजार डॉलर. एवढ्या मोठ्या जगाला ते कसे पुरणार? म्हणून त्यांनी ठरवले की इमारती बांधायच्या नाहीत, माणसे शोधायची.

माणसे शोधायची कशी, हे ऐकण्यासारखे आहे. कोणीतरी नाव सुचवते, मग मुलाखतींवर मुलाखती. कल्पना खरोखर नवी आहे का? एका गावापुरती आहे की शेकडो गावांना लागू पडेल? अडचण आली तर हा माणूस वाट काढील का? आणि शेवटी, हा माणूस सचोटीचा आहे का? आता सचोटी मोजणार कशी? ड्रेटन सांगत की डोळे मिटा, आपण मोठ्या संकटात आहोत अशी कल्पना करा आणि हा माणूस शेजारी उभा आहे असे समजा. धीर वाटतो का? वाटला तर पुढे जा. करून बघा, मित्रांच्या बाबतीत! मला विचाराल तर कागदावरच्या गुणांपेक्षा ही कसोटी बरी, पण ती घेणाराही तितकाच पारखी हवा. शिवाय ज्याचे नाव सुचवणाराच कोणी नाही, त्या दूरच्या खेड्यातल्या माणसाचे काय, ही शंका उरतेच.

या संस्थेची जगातली सर्वांत पहिली फेलो कोण, माहीत आहे? मुंबईची एक शाळामास्तरीण! ग्लोरिया डिसूझा त्यांचे नाव. घोकंपट्टीने मुले शिकत नाहीत, नुसती पोपटपंची करतात, हे त्यांना खुपत होते. मग त्या मुलांना वर्गाबाहेर नेऊ लागल्या. झाड पाहा, पक्षी पाहा, पावसाचे पाणी कुठून कुठे जाते ते पाहा आणि मग 'असे का?' म्हणून विचारा. सुरुवातीला इतर शिक्षकांना हे काही पटले नाही. एकट्या शाळेत चालले ते हजार शाळांत न्यायचे तर दुसऱ्या शिक्षकांना शिकवायला हवे, पुस्तके तयार करायला हवीत. पण स्वतःचा वर्ग सोडून हे करायचे कधी? फेलोशिपने त्यांना हा वेळ दिला. १९८२ साली त्यांनी 'परिसर आशा' ही संस्था काढली. १९८५ साली मुंबईतल्या शाळांमध्ये प्रयोग म्हणून त्यांची पद्धत आली. तुमच्या दप्तरात 'परिसर अभ्यास'चे पुस्तक असते ना? तो विषय काही एकट्या ग्लोरियाबाईंनी आणला नाही, पण तो फक्त पाठ करण्याचा विषय होऊ नये म्हणून झटणाऱ्यांत त्या पुढे होत्या. २०१३ साली त्या वारल्या.

जेरू बिलिमोरियाही याच संस्थेच्या फेलो. बालमजुरांना सोडवणारे आणि २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे कैलाश सत्यार्थीही त्यातलेच. आजवर नव्वदहून अधिक देशांत साडेतीन हजारांहून जास्त माणसे अशी निवडली गेली आहेत. त्यांतल्या आणखी एकीची हकिकत सांगतो, कारण ती सातारा जिल्ह्यातली आहे.

माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळ. चेतना सिन्हा मूळच्या मुंबईच्या, लग्न करून म्हसवडला आल्या. एकदा रस्त्याकडेला राहून लोखंडकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. ती कर्ज मागत नव्हती, स्वतःचेच पैसे ठेवायचे म्हणत होती. पण इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. तेव्हा चेतनाताईंनी ठरवले, बायकांचीच बँक काढू. अर्ज गेला रिझर्व्ह बँकेकडे आणि फेटाळला गेला. का? तर अर्जावर अंगठे होते. निरक्षर बायका बँक कशी चालवणार?

चेतनाताईंना रडू आले. पण मग बायकांनी म्हटले, आम्हाला लिहा-वाचायला शिकवा. दिवसभर राबून रात्री पाटी-पेन्सिल घेऊन त्या बसल्या. काही महिन्यांनी चेतनाताईंबरोबर पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष? पण हिशेब आम्हाला येतो. कुठलीही रक्कम सांगा, व्याज काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही बिनकॅल्क्युलेटरचे काढू द्या, बघू कोणाचे आधी होते!

परवाना मिळाला. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारात भाजी विकणारीला आपला धंदा टाकून बँकेत येणे परवडत नाही, म्हणून बँकेची माणसेच पैसे गोळा करायला तिच्या टोपलीपाशी जाऊ लागली.