काठी श्रेष्ठ की कसब?

जळगाव-धुळ्याकडे कॅरम न खेळलेला मुलगा विरळाच. डाव हरला की आपण म्हणतो, "स्ट्रायकरच बरोबर नव्हता!" स्नूकरच्या टेबलापाशी हाच दोष ‘क्यू’वर, म्हणजे चेंडू मारण्याच्या लांब काठीवर येतो.

स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत झाला. त्याचा थोरला भाऊ बिलियर्ड्स. त्यातले जागतिक हौशी विजेतेपद पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात मिळवले. दोन्ही खेळांत काठी लागतेच. कसबी कारागीर सरळ रेषांचे ॲशचे लाकूड निवडून, बुडाशी जड एबनी सांधून ती हाताने घडवतो. तिची किंमतही भारी असते. मग अशी काठी घेतली की खेळ सुधारेल काय?

प्रथम चेंडूच्या बाजूने विचार करू. काठीचे टोक त्याला सुमारे एक-दोन सहस्रांश सेकंदच टेकते. तेवढ्यात त्याला वेग, दिशा आणि फिरकी मिळते. काठीची किंमत त्याला कळत नाही!

आता थोडे गणित करा. दिशेत फक्त १ अंशाची चूक झाली, तर ३ मीटर अंतरावर चेंडू किती सरकेल? ३०० सेंमी गुणिले १ अंशाचा टॅन, म्हणजे सुमारे ५.२ सेंमी. स्नूकरच्या चेंडूचा व्यासच ५.२५ सेंमी असतो. म्हणजे नेम जवळजवळ एका अख्ख्या चेंडूने चुकला! ही चूक कोणतेही लाकूड दुरुस्त करत नाही. त्यासाठी स्थिर डोके, सरळ चालणारा हात आणि सराव हवा.

मग काठीला महत्त्व नाहीच का? आहे. तिच्या टोकाला चामडे असते. त्याला खडू लावल्याने घर्षण वाढते. नाहीतर चेंडूच्या कडेकडे मारताना टोक घसरते. शिवाय चेंडूच्या मध्याच्या उजवीकडे मारले, तर तो ठरलेल्या रेषेच्या किंचित डावीकडे निघतो. टोकाकडचा भाग जितका जड, तितका हा फरक अधिक. खेळाडूची नजर स्वतःच्या काठीच्या या खोडीला सरावते. काठी बदलली की हिशेब बिघडतो. स्कॉटलंडच्या स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ या काळात सात जागतिक विजेतेपदे मिळवली, ती लहानपणी घेतलेल्या एका स्वस्त काठीने. स्वस्त, पण नेहमीची!

तुम्हीही हे पडताळून पाहा. कॅरमचे दोन स्ट्रायकर घ्या. नियमाप्रमाणे वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. एक तरबेज आणि एक नवखा खेळाडू निवडा. सोंगटी ठरलेल्या खुणेवर ठेवून प्रत्येकाने प्रत्येक स्ट्रायकरने २० फटके मारावेत. स्ट्रायकर आलटून पालटून वापरा, म्हणजे थकव्याचा परिणाम वाटला जाईल. किती सोंगट्या भोकात गेल्या, ते चार रकान्यांत लिहा.

आता पाहा: स्ट्रायकर बदलल्याने आकडा किती बदलला आणि खेळाडू बदलल्याने किती? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगाची पहिली शिस्त. दोन्ही एकदम बदलल्या, तर श्रेय कुणाचे ते कधीच कळणार नाही.

आधी हा तक्ता पुरा करा. मग वडिलांकडे नव्या स्ट्रायकरचा हट्ट धरायचा की नाही, ते ठरवा!