विश्लेषण : तळहातावरचा रणगाडा खरा का वाटत नाही?

सेंच्युरियन रणगाड्याची रुंदी सुमारे ३.४ मीटर. १:७२ प्रमाणातल्या प्लास्टिक किटमध्ये तोच ४.७ सेंटिमीटरचा होतो आणि तळहातावर मावतो. मोजमाप बरोबर, सगळे भाग जागच्या जागी. तरीही पहिले किट पूर्ण करणाऱ्याला अनेकदा वाटते, हे खेळणेच दिसतेय. यात दोष हाताचा कमी आणि गणिताचा जास्त असतो.

जाडी लहान का होत नाही?

किटचे भाग पोलादी साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने भरून बनवतात. भिंत फार पातळ ठेवली तर प्लास्टिक टोकापर्यंत पोहोचण्याआधीच थिजते. सेंच्युरियनच्या दोन्ही बाजूंना लटकणारे चिलखती पत्रे प्रत्यक्षात काही मिलिमीटर जाडीचे असतात. किटमध्ये तेच पत्रे ०.८ मिमीचे असतील, तर ७२ ने गुणून पाहा : ५.८ सेंटिमीटर! डोळ्याला हा आकडा कळत नाही, पण खोट कळते.

त्यावर अनुभवी मंडळी सोपी युक्ती करतात. अख्खा पत्रा पातळ न करता फक्त दिसणारी कड मागच्या बाजूने पॉलिश पेपरवर तिरकी घासायची. मागची बाजू कोण पाहतो? खिशाला परवडत असेल तर ०.१ मिमी जाडीच्या पितळी पत्र्याचे तयार भाग मिळतात. प्रत्यक्षात ते ७ मिमी भरतात, म्हणजे बरेच जवळ. मात्र पितळेवर प्लास्टिकचा ग्लू चालत नाही, सुपरग्लू लागतो.

तोफेच्या नळीकडेही पाहा. ८४ मिमीच्या तोफेचे तोंड इथे १.२ मिमीचे होते आणि लहान किटमध्ये ते बरेचदा बंदच असते. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने ते पोखरायला दहा मिनिटे लागतात. सगळ्या कामांत एकच करायचे असेल, तर हे करावे.

गंज किती, चिखल किती?

३० सेंटिमीटरवरून मॉडेल पाहणे म्हणजे खरा रणगाडा साधारण २२ मीटरवरून पाहणे. तेवढ्या अंतरावर रंग थोडा फिका दिसतो. म्हणून अनेक जण मूळ छटेत थोडा फिका रंग मिसळतात. रंग उडाल्याचा १ मिमीचा ठिपका प्रत्यक्षात ७ सेंटिमीटरचा डाग ठरतो. व्हिडीओंमध्ये दिसणारे गंजाने माखलेले रणगाडे म्हणूनच भंगारातले वाटतात.

काय माखायचे हे इतिहासाला विचारावे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे होते. शेते उसाची, आणि पॅटन रुतावेत म्हणून भारतीय सैन्याने त्यात पाणी सोडलेले. तेव्हा हे मॉडेल करताना चाकांवर आणि पट्ट्यांवर ओला चिखल, वर धूळ, आणि पट्ट्यांच्या जमिनीला घासणाऱ्या भागावर पोलादाची चमक हवी. गंज जवळजवळ नकोच. अनेक किटमध्ये खुणांचे स्टिकर मात्र ब्रिटिश किंवा इस्रायली रणगाड्यांचे येतात. भारतीय खुणा स्वतः रंगवाव्या किंवा छापून घ्याव्या लागतात.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये खरा सेंच्युरियन पाहता येतो. आकार, बोल्ट, वेल्डिंगच्या रेषा टिपायला त्यासारखी जागा नाही. रंगासाठी मात्र त्यावर विसंबू नये. संग्रहालयातली वाहने प्रदर्शनासाठी पुन्हा रंगवली जातात.

शेवटचा हात मॅट वॉर्निशचा. तो मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून मारावा. पण मुंबई-कोकणातल्या जुलैत घाई नको. हवेतल्या दमटपणामुळे थर पांढरट पडतो आणि महिनाभराचे काम धुक्यात गेल्यासारखे दिसते. जाणकार अशा वेळी मॉडेल डब्यात ठेवतात आणि कोरड्या दुपारची वाट पाहतात.