मोबाईलवरचा भाव, काट्यावरची पावती

महाराष्ट्राच्या शेतीत इंटरनेट कधी शिरले असे विचारले, तर बहुतेकांना जिओचा 2016 चा स्वस्त डेटा आठवतो. पण सुरुवात त्याच्या 18 वर्षे आधीची, आणि तीही उसाच्या फडातली. 1998 साली वारणा परिसरातल्या, म्हणजे कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावोगाव केंद्रे उघडायची आणि पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना असे सारे काही शेतकऱ्याला तिथे एका जागी द्यायचे, असा तो मोठा बेत होता. आठेक वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी त्या केंद्रांवर प्रत्यक्षात काय चालते ते पाहिले, तेव्हा बाकीचा पसारा बाजूला पडला होता. लोक येत होते ते मुख्यतः आपल्या उसाचे वजन किती भरले आणि खत किती मिळणार हे बघायला. एवढ्यासाठी संगणक कशाला, म्हणून 7 गावांत हीच माहिती साध्या मोबाईलवर एसएमएसने देऊन पाहिली गेली आणि ती सोय लोकांना पसंत पडली. अशा प्रकल्पांची गणना सहसा फसलेल्यांत होते. मला मात्र वाटते की शेतकऱ्यांनी त्यातून नेमके उचलण्याजोगे तेवढेच उचलले. तोडलेला ऊस ट्रॉलीतून कारखान्याकडे गेला की त्याचे वजन शेतकऱ्याच्या डोळ्यांआड होते. ते लवकर कळले की बिलाचा अंदाज हाती येतो. पुढची 25 वर्षेही याच वाटेने गेलेली दिसतात. माहितीच्या मागे काटा, खरेदीदार किंवा दाखला उभा होता तिथे शेतीचा धंदा हलला. नुसती माहिती आली तिथे फारसे काही घडले नाही.

धोरण आखणाऱ्यांचा भरवसा मात्र नेमका नुसत्या माहितीवर होता. शेतकऱ्याला चार बाजारांचे भाव कळले की त्याची फसवणूक थांबेल, हे गृहीतक घेऊन 2000 साली केंद्र सरकारचे बाजारभावांचे संकेतस्थळ अ‍ॅगमार्कनेट आले. 2007 मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रात भाव, हवामान आणि पीकसल्ला मोबाईलवर पाठवणारी सशुल्क सेवा सुरू केली. या सेवेची कसोटी चांगली लागली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातली 100 गावे निवडली, काहींना सेवा दिली, काहींना दिली नाही, आणि टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन या पिकांना मिळालेले भाव ताडून पाहिले. 2012 मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की सरासरी भावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आता शेजारच्या मध्य प्रदेशात बघा. आयटीसीने 2000 पासून तिथे ई-चौपाल उभारले. गावातल्या संगणकावर मंडीचा भाव दिसे, आणि शेजारी कंपनीचा स्वतःचा भावही. तो पटला तर माल थेट कंपनीच्या केंद्रावर न्यायचा. तिथे प्रत तपासून, वजन करून पैसे मिळत. अपराजिता गोयल यांच्या 2010 च्या अभ्यासात त्या भागातल्या मंड्यांमध्ये सोयाबीनचा भाव 1 ते 3 टक्के वाढलेला आढळला. दोन्हीकडे भाव कळतच होता. महाराष्ट्रात कमी होता तो भावामागचा दुसरा खरेदीदार.

यावर केरळचा दाखला दिला जातो, आणि तो वजनदार आहे. उत्तर केरळात 1997 ते 2001 या काळात मोबाईल आले तेव्हा मासेमारांचा नफा सुमारे 8 टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळीही थोडी स्वस्त मिळाली, असे रॉबर्ट जेन्सन यांनी दाखवून दिले. तिथे तर नुसत्या भावाने काम केले! पण भाव कळला तेव्हा त्या मच्छीमाराची होडी समुद्रातच होती आणि तिचे तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवता येत होते. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजार आवारात ट्रॅक्टर लावलेल्या शेतकऱ्याला पिंपळगावच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलमागे शंभर रुपयांनी जास्त असल्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर कळले, तरी भाडे, मजुरी आणि लिलावाची वेळ त्याला जागचे हलू देत नाही. कुणाची उचल घेतलेली असेल तर विषयच संपला. शिवाय कांद्याचा भाव ठरतो तो व्यापाऱ्याने ट्रॉलीतले चार कांदे हातात घेऊन पाहिल्यावर. परगावच्या खरेदीदाराचा विश्वास बसेल अशी प्रतवारी बाजारातच होत नसेल, तर 2016 च्या ई-नाम या राष्ट्रीय ऑनलाइन बाजारावर त्याने न पाहिलेल्या मालाला बोली लावायची कशाच्या जोरावर? डिसेंबर 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातबंदीची बातमी शेतकरी आणि व्यापारी यांच्या फोनवर एकाच वेळी पोचली. शेतात खरिपाचा लाल कांदा होता आणि तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. सगळ्यांना सगळे कळले होते, भाव तरीही कोसळले.

याच नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची गोष्ट वेगळी घडली. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि युरोपचा बाजार हातचा जाण्याची वेळ आली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या तपासणीला अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेने 2006 पासून ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीची जोड दिली. बागेची नोंदणी कृषी विभागाकडे होते, प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो, तपासणीचा निकाल थेट प्रणालीत चढतो आणि तो पास असेल तरच पॅकहाऊस, अ‍ॅगमार्क, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हे पुढचे टप्पे उघडतात. युरोपातल्या दुकानातल्या पेटीचा माग त्यामुळे थेट बागेपर्यंत काढता येतो. 2010 मध्ये या व्यवस्थेलाही तडाखा बसला. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराईड, बागायतदारांच्या बोलीतले सीसीसी, तपासणीच्या यादीतच नव्हते, आणि युरोपने नेमके तेच पकडले. कंटेनर अडकले, निर्यातदारांबरोबर शेतकरीही पोळले. तरीही मी हे ग्रेपनेटचे अपयश मानत नाही. चूक कुठे राहिली ते बोट ठेवून दाखवता आले आणि यादी वाढवून ती दुरुस्त करता आली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या भावाला ना असा धनी असतो, ना अशी दुरुस्ती.

खरी अडचण दुसरीच आहे. नोंदीवर चालणारे इंटरनेट, ज्याची नोंद नाही त्याला बाहेर ठेवते. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपले पीक स्वतः नोंदवू लागला. तलाठ्याकडच्या खेपा वाचल्या हे खरेच. पण ठोक्याने किंवा वाट्याने जमीन कसणारा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई यांना त्या पडद्यावर जागा नाही. हा आक्षेप मला खोडता येत नाही. दोष कूळकायद्याच्या धास्तीने तोंडी राहिलेल्या करारांचा आहे, एवढेच म्हणता येईल. हमीभावाच्या खरेदीत तर नोंद असूनही अडते. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि नोंदणी ऑनलाइन होती. ओलाव्याची 12 टक्क्यांची अट केंद्र सरकारने 15 वर नेली, ती नोव्हेंबरात, म्हणजे गरजवंतांनी माल कमी भावात विकून टाकल्यावर. पुढे अनेक खरेदी केंद्रांवर बारदाना संपला आणि नंबर लागलेल्यांचीही खरेदी रखडली. कुणाची किती नोंदणी झाली हे सरकारला रोजच्या रोज दिसते. कोणत्या केंद्रावर आज किती पोती शिल्लक आहेत आणि मालाचा ओलावा किती भरतो आहे, हेही शेतकऱ्याला गाडी भरण्याआधी त्याच मोबाईलवर दिसायला हवे.