शिक्षक-प्रशिक्षण : समावेशक अध्यापन व विद्यार्थी-सुरक्षा

शारीरिक, बौद्धिक, भाषिक वा सामाजिक भेद असलेल्या सर्व बालकांना एकाच वर्गात शिकविण्याची, तसेच अपघात, आपत्ती व अत्याचार यांपासून त्यांचे रक्षण करण्याची क्षमता शिक्षकांत निर्माण करणारे प्रशिक्षण. ही दोन अंगे वेगवेगळी मानण्याचा प्रघात असला, तरी ती परस्परावलंबी आहेत.

भारतात १९७४ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. एकात्म शिक्षणात बालकाने प्रचलित शाळेशी जुळवून घ्यावे, अशी अपेक्षा असते. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथील जागतिक परिषदेने शाळेनेच बालकाच्या गरजांनुसार बदलावे, या तत्त्वाचा पुरस्कार केला. भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (२०१६) दिव्यांगतेचे २१ प्रकार मान्य केले असून शिक्षकांच्या अभ्यासक्रमांत हा विषय अंतर्भूत करण्याची तरतूद केली आहे.

समावेशक अध्यापनात एकच आशय अनेक मार्गांनी मांडला जातो. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणारा कर्णबधिर विद्यार्थी वर्गात असल्यास शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये. अल्पदृष्टी विद्यार्थ्यासाठी फळ्यावरील मजकूर मोठ्याने वाचावा. लेखनात अडचण असलेल्या विद्यार्थ्याचे ज्ञान तोंडी उत्तरांतून पडताळावे.

तमिळनाडूतील कुंभकोणम् येथील शाळेला १६ जुलै २००४ रोजी लागलेल्या आगीत ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला व शाळेतील कर्मचाऱ्यांना अग्निशामक साधने वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचा आदेश दिला. तथापि केवळ धोक्याच्या घंटेवर विसंबलेली योजना कर्णबधिर बालकाला वाचवू शकत नाही. म्हणून दृश्य संकेत, चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी तळमजल्यावरील वर्ग, प्रत्येक गरजू बालकासाठी नेमलेली प्रौढ व्यक्ती व ती गैरहजर असल्यास तिची जागा घेणारी दुसरी व्यक्ती, ही व्यवस्था आधीच ठरवावी लागते. सुटकेच्या सरावाच्या वेळी अशा बालकांना बाजूला बसविल्यास सरावाचा हेतूच विफल होतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम (२००९) शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमानुसार (२०१२) असा अपराध घडल्याचे कळताच पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. ती न देणे दंडनीय होय. ज्या बालकाला झालेला अत्याचार शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या वर्तनातील आकस्मिक बदल ओळखणे हे शिक्षकाचे विशेष कर्तव्य ठरते. बालकाचे नेहमीचे वर्तन व संवादाची रीत शिक्षकाला परिचित असेल, तरच हे शक्य होते. समावेशक अध्यापनाचा सुरक्षेशी असलेला संबंध येथे सर्वांत निकटचा असतो.