जाहिरातीचा तराजू मुलांच्या हाती द्या

मारेगावातील एका बेकरीवाल्या बंधूंनी मध्यंतरी आमच्याजवळ एक तक्रार मांडली. पहाटे उठून ते भट्टी पेटवतात. त्यांचे टोस्ट, खारी आणि नानकटाई आठवडी बाजारात व आजूबाजूच्या खेड्यांत खपते. पण त्यांचाच सात वर्षांचा मुलगा घरची नानकटाई बाजूला सारतो आणि म्हणतो, "अब्बा, हे नको, टीव्हीवरचं बिस्कीट पाहिजे." बंधू म्हणाले, "दुकानातल्या गिऱ्हाइकाला समजावता येते, घरातल्या गिऱ्हाइकाला कसे समजवायचे?"

ही तक्रार एका घरची नाही. शिंपी, चर्मकाम करणारे, किराणा दुकानदार, सर्वांच्या घरी तोच हट्ट आहे. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या. आज केबल वाहिन्यांना नियमाने तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात. मूल रोज दोन तास टीव्ही पाहत असेल, तर दिवसाला २४ मिनिटे आणि वर्षाला १४६ तास होतात. पाच तासांची शाळा धरली, तर वर्षातले २९ दिवस मूल जाहिरातीच्या शाळेत बसते! या शाळेचा अभ्यासक्रम पालकांनी कधी तपासला आहे काय?

लहान मुलाला गोष्ट आणि जाहिरात यांतला फरक कळत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये हेच सांगितले, की साधारण आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू ओळखता येत नाही. ते ऐकलेले सारे खरे मानतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९८० पासून १३ वर्षांखालील मुलांसाठीच्या जाहिरातींवर बंदी घातली, ती याच कारणाने. आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही. म्हणून मुलांना शहाणे करणे हे काम आपल्यालाच करावे लागेल.

पाच युक्त्या, पाच प्रश्न

व्यापाऱ्याच्या मुलाला हे शिकवणे अवघड नाही, कारण माल विकण्याच्या युक्त्या तो रोज दुकानात पाहतो. जाहिरात लागली की त्याला हे प्रश्न विचारावेत.

पहिला, हे सांगतो कोण? क्रिकेटपटू किंवा नट पैसे घेऊन बोलतो. पांढरा कोट घातलेला प्रत्येक माणूस डॉक्टर नसतो.

दुसरा, आवाज बंद केला तर उरते काय? गाणे आणि तेच ते नाव पुन्हा पुन्हा कानी पडले की ते डोक्यात बसते. एकदा आवाज बंद करून तीच जाहिरात दाखवा, निम्मी जादू तिथेच उतरते.

तिसरा, भीती किंवा लाज कशाची दाखवली? अमुक प्याला नाहीस तर मागे पडशील, तमुक लावले नाहीस तर कोणी विचारणार नाही, हा धाक असतो, माहिती नव्हे.

चौथा, आपण वस्तू मागतो की खेळणे? पाकिटातल्या फुकटच्या खेळण्याची किंमत पाकिटातच धरलेली असते.

पाचवा, किलोला भाव काय पडला? मुलाला तराजूजवळ उभे करा. २० ग्रॅमचे पाकीट १० रुपयांना असेल, तर भाव किलोला ५०० रुपये झाला. त्या पैशांत घरची नानकटाई, फुटाणे किंवा शेंगदाणे किती येतात, ते त्यालाच मोजू द्या. हा हिशेब मूल विसरत नाही.

कायदा काय म्हणतो

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शास्त्रीय आधार नसताना मुलांची बुद्धी किंवा ताकद वाढते असा दावा करता येत नाही. नैसर्गिक व पारंपरिक आहारापेक्षा आपला माल सरस आहे, असे मुलांच्या मनावर बिंबवता येत नाही. खुलाशाचा मजकूर मूळ दाव्याच्याच भाषेत असला पाहिजे. फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शब्द कसे बदलतात याचे उदाहरण ताजे आहे. दुधात घालायच्या गोड भुकट्या वर्षानुवर्षे 'आरोग्य पेय' म्हणून खपल्या. अन्न कायद्यात 'आरोग्य पेय' नावाची व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेये त्या सदरातून काढण्यास सांगितले. माल तोच राहिला, पाटी बदलावी लागली. मुलांना हा किस्सा जरूर सांगा.

आपल्या दुकानाचे काय?

आता एक कडू गोष्ट. हीच पाकिटे आपणही मुलांच्या डोळ्यांसमोर लटकवतो. नफा रुपया-दोन रुपयांचा असतो, पण हट्ट हातोहात खपतो. घरी मुलाला एक शिकवायचे आणि गल्ल्यावर दुसऱ्याच्या मुलाला भुलवायचे, हे जमणार नाही. निदान ती माळ वर टांगावी आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की खाली ठेवावी.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पैगंबरांनी (स.) शोधला आणि ओले धान्य वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. जाहिरात हाही एक ढीगच. वरचे दाणे कोरडे आणि चमकदार असतात. आत हात घालून पाहण्याची सवय मुलांना लावली, तर ती उद्या चांगली ग्राहक होतील, आणि दुकानावर बसली तर चांगले व्यापारीही होतील.

त्या बेकरीवाल्या बंधूंना आम्ही एवढेच सुचवले, की मुलाला एक दिवस भट्टीवर बसवा, पीठ मळू द्या, नानकटाईवर त्याच्या बोटाचा ठसा उमटू द्या. टीव्हीवरच्या बिस्किटात त्याचे बोट नाही. आपल्या मालाची याहून मोठी जाहिरात दुसरी कोणती?