दोऱ्याचे टोक ओढू नका

रमजानचा शेवटचा आठवडा होता. घरात शिवणाचे मशीन दिवसभर चालू होते. सासूबाई नातींच्या कपड्यांना गोटा लावत होत्या, मी शाळेतून आल्यावर ओढण्यांना लेस टाचत होते. एके दिवशी सहरीला उठले तर आमची मांजर मिश्री स्वयंपाकघराच्या दाराशी ओकलेली दिसली. मांजरी केसांचा गोळा ओकतातच, म्हणून पुसून घेतले आणि विसरून गेले. दिवसभर तिने काही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी तर ती पलंगाखालून बाहेरच येईना. इफ्तारला दस्तरखानाभोवती घिरट्या घालणारी मिश्री चिकनच्या वासानेही उठली नाही, तेव्हा काळजात धस्स झाले.

तिला उचलून उजेडात आणले. तोंडाच्या कोपऱ्यातून हिरव्या दोऱ्याचे बोटभर टोक बाहेर आले होते. मी ते चिमटीत धरून थोडेसे ओढले. ती अशी ओरडली की माझा हात आपोआप सुटला. तो सुटला म्हणूनच ती वाचली, हे मला दवाखान्यात कळले.

डॉक्टरांनी तिची जीभ वर उचलून दाखवली. दोरा जिभेच्या मुळाशी अडकला होता आणि दुसरे टोक पार आतड्यात गेले होते. त्याच रात्री पोट उघडावे लागले. ईदच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले, पण जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह.

घरी आल्यावर नऊ वर्षांची धाकटी हुंदके देत जवळ आली. “अम्मी, मी परवाच बघितलं होतं. ती रिळाचा दोरा चघळत होती. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही.” रीळ तर मशीनवर उघडे मीच ठेवले होते. शाळेत रोज मुलांना ‘चूक सांगायला घाबरू नका’ म्हणणारी मी, त्या रात्री गप्प बसले.

मांजर दोरा थुंकत का नाही?

मांजरीने हात चाटला की जीभ खरखरीत लागते. त्या जिभेवर बारीक, कडक काटे असतात आणि सगळ्यांची टोके घशाच्या दिशेला वळलेली असतात. अंग विंचरायला आणि हाडावरचे मांस खरवडायला ती चांगली. पण दोरा एकदा जिभेवर चढला की तो आतच सरकत जातो. तिला थुंकायचा असला तरी ते सोपे नसते.

पोटात गेल्यावर काय होते ते शिवणाऱ्या बाईला लगेच समजेल. सलवारीच्या नेफ्यात नाडी ओढली की कापड चुण्या पडून गोळा होते. दोऱ्याचे एक टोक अडकले आणि आतडे पुढे सरकत राहिले, की त्याच्याही तशाच चुण्या पडतात. मग ताणलेला दोरा आतड्याला आतून कापू लागतो. आपण बाहेरून ओढले तर तेच काम आपल्या हातून होते.

घरात आणखी काय सांभाळायचे?

सुई, दोरा, लोकर, मांजा, मिठाईच्या डब्याची रिबीन, भाजीच्या जुडीचे रबर, शादीच्या सजावटीतली चमकीची झिरमिळी, केसांचे रबरबँड. या सगळ्या वस्तू लांब आणि हलणाऱ्या, म्हणून मांजरीला शिकारीसारख्या वाटतात.

कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, मांजरीच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. म्हणून उरलेला सालन किंवा बिर्याणी तिच्या ताटलीत ओतू नये. तिच्यासाठी बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन वेगळे काढावे. शिजवलेली हाडे तर मुळीच देऊ नयेत, ती फुटून टोकदार होतात.

पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. माणसाचे यकृत ते औषध निकामी करून बाहेर टाकते, मांजरीला ते जमत नाही. ताप आला म्हणून घरचे औषध तिला कधीच देऊ नये. गुलदस्त्यात येणारी लिलीची फुलेही वाईट. पाने, फुले, अंगावर पडून चाटलेले परागकणसुद्धा मूत्रपिंड निकामी करतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आणि उंदराचे औषध बंद जागीच हवे. फिनाईलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत तिला त्या खोलीत सोडू नये, कारण ती पंजे चाटते.

गिळलेच तर?

टोक तोंडात दिसो की मागच्या बाजूने, ओढू नये. तेल, दूध, केळे भरवू नये. मीठपाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न करू नये. उरलेले रीळ, गोळीचे पाकीट किंवा फुलाची काडी बरोबर घेऊन लगेच डॉक्टर गाठावा आणि केव्हा, काय, किती हे सांगावे. एक्स-रेमध्ये सुई दिसते, नुसता दोरा सहसा दिसत नाही. म्हणून आपली माहिती फार मोलाची. वारंवार ओकणे, खाणे सोडणे, लपून बसणे या खुणा दिसल्या तर दिवस घालवू नये. रात्री शस्त्रक्रिया होणारा दवाखाना जवळपास कुठे आहे, ते आधीच विचारून ठेवावे.

सवय कशी मोडायची?

मारून किंवा ओरडून नाही. त्याने मांजर एवढेच शिकते, की हे काम आपण नसताना करायचे. तोंडात काही दिसले तर आवडीचा घास पुढे करावा, ती वस्तू आपणच सोडते. दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे तिच्याशी खेळावे. दोरीचे खेळणे खेळून झाल्यावर कपाटात ठेवावे. कुंडीत मूठभर गहू पेरले, की आठवड्यात तिला चघळायला हिरवे गवत मिळते. एवढे करूनही ती लोकर, प्लास्टिक किंवा माती खातच असेल, तर रक्त कमी असणे किंवा दुसरा काही आजार असू शकतो. तपासून घ्यावे.

आपल्याकडे मांजर पाळणे नवे नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे नावच मांजरीच्या पिल्लावरून पडले. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपण मुलांना सांगतो. आपल्या घरात वावरणाऱ्या जिवाच्या वाटेत काय पडले आहे, हे पाहणेही त्याच जबाबदारीत येते.

आमच्याकडे आता शिवणाचे सामान बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असते, झाकण घट्ट. आणि घरात एक नियम आहे: जो सांगेल, त्याला कोणी रागावणार नाही. ईदच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरले होते. मी शीरखुर्मा वाढत असताना बाहेरून धाकटीचा आवाज आला, “अम्मी, मिठाईच्या डब्याचं रबर माझ्याकडून सोफ्याखाली गेलं!”

मी हातातला वाडगा खाली ठेवला आणि आम्ही दोघी सोफ्याखाली वाकलो.