चेकोस्लोव्हाकियाचा आइस हॉकी संघ : पूर्वेतिहास
मध्य यूरोपातील एक अग्रगण्य राष्ट्रीय संघ. त्याच्या इतिहासाचे पहिले पर्व बोहीमियाच्या संघापासून (१९०८) सुरू होते आणि १९५० साली प्रागमध्ये झालेल्या खेळाडूंच्या अटकेने संपते.

बोहीमिया त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असला, तरी पॅरिस येथे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने त्यास त्याच वर्षी स्वतंत्र सदस्यत्व दिले. राजकीय स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधी लाभलेल्या या स्थानामुळे चेक लोकांची या संघाविषयीची आस्था केवळ खेळापुरती राहिली नाही. चेक खेळाडूंचा सराव होता तो बर्फावर चेंडूने खेळावयाच्या बँडीचा. रबरी चकतीने खेळला जाणारा कॅनडियन प्रकार त्यांस जवळजवळ अपरिचित होता. साहजिकच शामॉनी (फ्रान्स) येथे जानेवारी १९०९ मध्ये ते सर्व सामने हरले. मात्र दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, बर्लिन येथे त्यांनी यूरोपीय अजिंक्यपद पटकाविले. प्राग येथील १९१२ चे विजेतेपद ऑस्ट्रिया महासंघाचा सदस्य नसल्याच्या तांत्रिक कारणावरून रद्द ठरले. १९१४ मध्ये ते पुन्हा मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतर हाच संघ चेकोस्लोव्हाकियाच्या नावाने खेळू लागला. अँटवर्प ऑलिंपिकमध्ये (१९२०) त्याने कॅनडाकडून ०–१५ व अमेरिकेकडून ०–१६ असा मार खाल्ला आणि तरीही स्वीडनवरील १–० या विजयामुळे कांस्यपदक मिळविले. तीन सामन्यांत एकच गोल करून मिळालेले हे पदक क्रीडेतिहासातील एक नवलच म्हणावे लागेल. पुढे १९२२, १९२५ व १९२९ मध्ये यूरोपीय अजिंक्यपद मिळाले. योसेफ मालेचेक हा या काळातील सर्वांत नामांकित खेळाडू. नैसर्गिक बर्फावरील अवलंबन प्रागमधील श्त्वानित्से बेटावर १९३१–३२ च्या सुमारास कृत्रिम बर्फाचे क्रीडागार झाल्यावर कमी झाले. माइक बकना या स्लोव्हाक वंशाच्या कॅनडियन प्रशिक्षकाने सांघिक खेळाची शिस्त लावली.

प्राग येथे १९४७ मध्ये संघाने पहिले जागतिक अजिंक्यपद मिळविले. कॅनडा त्या स्पर्धेत नव्हता, शिवाय स्वीडनकडून झालेल्या पराभवानंतर ऑस्ट्रियाने स्वीडनला हरविले म्हणूनच ते हाती आले. पुढील वर्षीच्या सेंट मॉरिट्स ऑलिंपिकमधील रौप्यपदक गुणवत्तेच्या दृष्टीने त्याहून मोठे मानावयास हवे. कॅनडाशी सामना ०–० असा बरोबरीत सुटला व दोघांचे गुणही समान झाले. चेकोस्लोव्हाकियाने ८० गोल केले, कॅनडाने ६९. परंतु कॅनडावर अवघे ५ गोल झाले होते, चेकोस्लोव्हाकियावर १८. गोलांच्या सरासरीवर सुवर्णपदक कॅनडास मिळाले. १९४७ व १९४८ च्या या संघांतील यारोस्लाव्ह द्रोबनीने १९४९ मध्ये देश सोडला. विंबल्डनच्या टेनिसचा १९५४ चा विजेता तो हाच.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पॅरिसहून लंडनला जाणारे एक छोटे विमान इंग्लिश खाडीवर बेपत्ता झाले व त्यातील संघाचे सहा खेळाडू मृत्यू पावले. त्यांत संघातील नामवंत स्लोव्हाक खेळाडू लाडिस्लाव्ह ट्रोयाक होता. असे असूनही १९४९ मध्ये स्टॉकहोम येथे कॅनडाला ३–२ असे हरवून संघाने दुसरे जागतिक अजिंक्यपद जिंकले.

यानंतरचा आघात स्वदेशीय शासनाकडून आला. मार्च १९५० मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेस निघालेला संघ विमानतळावरच रोखण्यात आला. ब्रिटनने वार्ताहरांना प्रवेशपरवाने नाकारल्याचे कारण सांगितले गेले. खेळाडू देशत्याग करतील, ही भीती खरी होती. दोन दिवसांनी प्रागमधील एका मद्यगृहात संतप्त खेळाडू शासनाविरुद्ध बोलू लागले व तेथेच त्यांची धरपकड झाली. ऑक्टोबरमधील गुप्त खटल्यात देशद्रोह व हेरगिरीच्या आरोपांवरून गोलरक्षक बोहुमिल मॉद्री यास १५, तर गुस्ताव्ह बुब्‌नीक यास १४ वर्षांची शिक्षा झाली. मॉद्री त्या मद्यगृहात नव्हताही. अनेकांना याखीमॉव्ह भागातील युरेनियमच्या खाणींवर राबावे लागले. १९५५ पर्यंत सर्वांची सुटका झाली. मॉद्री १९६३ मध्ये ४६ व्या वर्षी निवर्तला आणि न्यायालयाने खेळाडूंना निर्दोष ठरविले ते १९६८ मध्ये.

यातील विपर्यास असा की, १९४८ च्या प्रारंभी याच संघाचा कणा असलेल्या एल्‌टीसी प्राग या मंडळाने मॉस्कोला जाऊन सोव्हिएट खेळाडूंशी तीन सामने खेळले होते व त्यांना कॅनडियन हॉकीचे धडे दिले होते. सोव्हिएट संघ १९५४ मध्ये पहिल्याच सहभागात जगज्जेता ठरला. चेकोस्लोव्हाकियास पुढचे जागतिक अजिंक्यपद १९७२ मध्ये, प्रागमध्येच मिळाले.